सुट्टीच्या दिवशी पाणी नसतं

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आणि माझं एकदाही धड पटलं नव्हतं. पंचाहत्तर सालच्या डिसेंबरात तर गोष्ट पैजेवर गेली.

कर्जतजवळ, भिवपुरीच्या वीजघराच्या खालच्या अंगाला आमचं गाव. वर घाटमाथ्यावर तळं. तळ्याचं पाणी मोठाल्या नळांतून डोंगर उतरायचं, वीजघरातली चाकं फिरवायचं, वीज तारांवरून मुंबईला जायची आणि काम संपलेलं पाणी आमच्या कालव्यात यायचं. त्यावर गावातले बरेच जण उन्हाळी भात करत. मामंजी मात्र करत नसत. म्हणायचे, "वीज काढून घेतल्यावर त्या पान्यात रायलं काय? चोथा." उसाचा रस काढल्यावर राहतो तो. मी जुन्नरकडची. आमच्याकडे चैत्रात हंडाभर पाण्यासाठी कोसभर पायपीट. इथे डोळ्यांदेखत पाणी वाहून जातंय आणि हा माणूस त्याला चोथा म्हणतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या महिन्यात वीटभट्टीवाला घरी येऊन बसला. कालव्याच्या अगदी शेवटाला आमचं एक खाचर होतं, त्याची माती त्याला हवी होती. माती एकदा भट्टीला गेली की मागे खड्डा राहतो, त्यात भात होत नाही. मामंजी जवळजवळ कबूल झाले होते. मी चुलीपाशी होते, तिथूनच ओरडले, "आधी मला उन्हाळी पीक काढून बघू द्या, मग खुशाल द्या!" परक्या माणसापुढे सून बोलली म्हणून घरात चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी मामंजी म्हणाले, "काढ. पन एकदाच. नाय जमलं तर माती देनार, आनी मंग तू तोंड उघडायचं नाय."

रोपं मी तयार केली, चांगली वीतभर झाली. आता लावणीआधी खाचरात चिखल करायचा तर पाणी हवं आणि नांगर धरायला गडी हवा. बाईमाणसानं नांगराला हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मामंजींना दमा. आमचे हे खोपोलीच्या कारखान्यात. मग मी कॅलेंडर बघितलं. पंचवीसला रविवार आणि सव्वीस जानेवारी सोमवारी. लागोपाठ दोन सुट्ट्या! रविवारी चिखलणी, सोमवारी लावणी. कुणाला विचारलं नाही, विचारायचं कशाला? शनिवारीच रोपं उपटून जुड्या बांधून ठेवल्या.

रविवारी सकाळी हे बैल घेऊन निघाले, मी मागून. बघते तर कालव्याच्या तळाला नुसती ओल. शेजारच्या खाचरातली म्हातारी कंबरेवर हात ठेवून हसायला लागली.

"अगं शाणे, आज रविवार हाय ना! मुंबईच्या गिरन्या बंद. मंग वीज कुनाला व्हवी? उद्या झेंडावंदन, उद्याबी तेच. लाल तारखेला हितं कुनी लावनी धरतं व्हय?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या घरात कुणी उन्हाळी भात केलेलंच नव्हतं, तर सांगणार कोण? ज्या दिवशी नवरा मोकळा त्या दिवशी गिरण्याही बंद, आणि गिरण्या बंद म्हणजे पाणी बंद. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. संध्याकाळी मुंबईत दिवे लागले की थोडं पाणी सुटायचं, पण ते वरच्या शेतांतच संपायचं. जुड्या मी एका डबक्यात उभ्या करून ठेवल्या आणि वर ओलं गोणपाट टाकलं.

सोमवारी राहवेना. तडक वीजघराच्या फाटकावर गेले. तिथे आमच्याच गावचा एक जण पहारेकरी होता. म्हटलं, "भाऊ, थोडं पाणी सोडायला सांगा हो. तळं भरलेलं आहे ना?"

"भरलेलं हाय वैनी. पन ते तळं म्हंजे मुंबईची भाताची कनगी. तिला भूक लागली का आमी काढायचं. आज तिला भूक नाय." वर मलाच विचारलं, "लाल तारखेला लावनी कुनी काढली?" मी तशीच मागे फिरले. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

मंगळवारी ह्यांची पहिली पाळी. रजा शिल्लक नव्हती, चेहरा पाडून पहाटेच्या गाडीनं गेले. आणि नऊच्या सुमाराला पाणी आलं. भरभरून आलं. बांध फोडून मी ते खाचरात घेतलं. खाचर भरलं, बैल उभे, लावणीच्या बायका येऊन बसलेल्या, रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागलेले, आणि नांगर धरायला कुणी नाही. ज्याला त्याला आपापलं शेत होतं. मी बांधावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

तेवढ्यात मामंजी आले. धोतर वर खोचलेलं.  बैल जुंपले आणि चिखलात उतरले. निम्मं खाचर झालं आणि त्यांना धाप लागली. बांधाला टेकून उभे राहिले, छाती भात्यासारखी वरखाली. मला वाटलं, आता म्हणतील, "झालं, सोड." मनातून त्यांचा राग यायच्या ऐवजी पहिल्यांदाच भीती वाटली, ह्यांना काही झालं तर?

"धर गं," ते म्हणाले.

"मी?"

"मंग काय भट्टीवाला धरंल?"

"अगो बाई!" शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली. मामंजी तिच्यावरच खेकसले, "बगता काय? रोपं फेका तिकडं!"

मी नांगर धरला. पहिल्यांदा वाकडातिकडा गेला, बैलांनी मलाच ओढलं. मामंजी बांधावरून शिव्या घालत होते, बैलांना की मला, कळत नव्हतं. दुपारपर्यंत चिखल झाला आणि आम्ही सगळ्या जणी लावणीला वाकलो.

ऊन उतरताना भट्टीवाला सायकलवरून आला. "काय मामा, मातीचं काय ठरलं?"

मामंजी कालव्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, तेच चोथ्याचं, आणि प्यायले. मग तोंड पुसून म्हणाले, "मला काय इचारतो? खाचर तिचं हाय. तिला इचार."

मी हातातली जुडी संपेपर्यंत मान वर केली नाही.

"नाही द्यायची," मी म्हणाले. "भात कापला की ये, पेज पाजीन."