नवरदेव वाहून गेला तेव्हा

आमच्या घरच्या एका लग्नात नवरी वाचली, पण नवरदेव वाहून गेला.

लग्न तुळशीचं होतं, त्यामुळे पोलिसांत जायची वेळ आली नाही. पण ते दुबईत होतं, नोव्हेंबरात होतं आणि त्यावर गारा पडल्या, एवढं सांगितलं की गावाकडची माणसं माझ्याकडे काळजीनं बघतात. ("वाळवंटात गारा? दत्ता, पूर्वी तू असा नव्हतास रे!")

मुळापासून सांगतो. आमचं गाव परांडा. बाबा मार्केट यार्डात हमाली करायचे. पाठीवर पोती वाहून त्यांनी मला इंजिनिअर केलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, हे मी कधी विसरत नाही आणि दुसऱ्यांनाही विसरू देत नाही. सध्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा.

हे काम मी शिकलो आईकडून. घरातली एकही गोष्ट तिच्या दुरुस्तीशिवाय पार पडत नसे. बाबा भिंतीत खिळा ठोकायचे आणि आई खालून सांगायची, "तिरका गेला." बाबा म्हणायचे, "अगं, अजून ठोकलाच नाही." आई म्हणायची, "जाणारच आहे."

बाबा गेले आणि आईच्या दुरुस्त्या बंद झाल्या. वर्ष उलटल्यावर मी तिला इकडे घेऊन आलो. दुबई मरीनाचे उंचच उंच मनोरे दाखवले, ती म्हणाली, "छान आहेत." सुजातानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मुद्दाम खारट आमटी केली. आई म्हणाली, "छान झालीय." मी चहा करून दिला, त्यालाही छान! (माझ्या चहाला आजवर कुणीही छान म्हटलेलं नाही.) तेव्हा मात्र मी घाबरलो.

आणि एका संध्याकाळी ती बाल्कनीतल्या तुळशीकडे बघत म्हणाली, "औंदा हिचं लग्न लावायचं का रे?"

बाबा गेल्यावर तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. आम्ही दोघे भाऊच, आईला मुलगी नाही. म्हणून आई आणि बाबा दरवर्षी तुळशीचं कन्यादान करायचे. नवरदेव म्हणजे आईचा पितळी बाळकृष्ण, अंगठ्याएवढा. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला. तो तिनं विमानातून रुमालात गुंडाळून, कमरेला खोचून आणला होता.

"पण कन्यादान तुम्ही नवराबायको करा," ती म्हणाली. "मी आता मागं बसेन."

मला हे लागलं. पण मी ठरवलं, लग्न असं करायचं की आईनं निदान दोन चुका तरी काढल्या पाहिजेत!

मांडवाला ऊस हवा होता. तो रसाच्या दुकानात मिळाला. दुकानदार पेशावरचा. त्यानं विचारलं, "किसकी शादी है, भाई?"

"तुलसी की."

"माशाल्ला! लडका क्या करता है?"

मी खरं तेच सांगितलं. "भगवान है."

त्यानं ऊस दिला आणि पैसे घेताना माझा हात जरा जास्तच हळुवार दाबला.

आता बाल्कनीबद्दल. आमची इमारत दोनच मजल्यांची. वर आम्ही, खाली वसईचा पास्कल. तो एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात मोठ्या पदावर आहे. माझ्यापेक्षा वयानं मोठा, म्हणून मी त्याला पास्कलभाऊ म्हणतो. आमच्या बाल्कनीवर छप्पर नाही, आणि पाणी जायच्या भोकातून झुरळं यायची. ती बंद करण्यासाठी मी भोकाची जाळी काढली, आत चिंध्या ठासल्या, वर चिकटपट्टी मारली आणि त्यावर हिरव्या प्लास्टिकच्या गवताची चटई अंथरली. सुजाता म्हणाली, "पाऊस आला तर?"

मी हसलो. ज्याला सगळं कळतं, असा माणूस हसतो तसा. "अगं, इथं पाऊस! आणि आलाच तर जानेवारी-फेब्रुवारीत."

लग्नाच्या दिवशी फोनवर हवामानाचा इशारा आला. मी तो बाजूला सारला, कारण त्याच फोनवर मला मंगलाष्टकं लावायची होती.

संध्याकाळी सगळे बाल्कनीत जमलो. उसाच्या मांडवात तुळस, तिला हिरव्या बांगड्या, समोर पाटावर बाळकृष्ण. मध्ये अंतरपाट, म्हणजे बाबांचं एक जुनं उपरणं. ते एका बाजूनं सुजातानं धरलं, दुसऱ्या बाजूनं आमच्या ईरानं. ईरा आठ वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती इंग्रजीत उत्तर देते. आई दाराच्या आत, पडद्याआड उभी.

"आई, पुढं ये ना."

"मी इथं बरी आहे. छान दिसतंय सगळं."

पुन्हा छान! मी मुकाट्यानं मंगलाष्टकं लावली.

आकाश काळं झालं होतं, पण आम्ही भक्तिभावात होतो. फोनमधल्या गुरुजींनी "सावधान" म्हटलं, आम्ही अक्षता टाकल्या, आणि वरून कुणीतरी उलट अक्षता टाकल्या. टप्! एक माझ्या टकलावर. मला वाटलं, ईरानं खडीसाखर फेकली.

"बाबा, इट्स स्नोइंग!"

"स्नो नाही बाळा, ही गार..." मला वाक्य पूर्ण करता आलं नाही, कारण पुढची लिंबाएवढी होती.

मग जे झालं त्याला धावपळ हा शब्द अपुरा आहे. सुजाता ईराला घेऊन आत पळाली, अंतरपाटासकट. मी तुळशीची कुंडी छातीशी धरली आणि पाठीवर गारा झेलत आत आलो. ऊस कोसळला. फोन बाहेरच राहिला, आणि गुरुजी गारपिटीत शांतपणे पुढचं कडवं म्हणत राहिले. त्यांची निष्ठा मला तेव्हाही जाणवली.

काचेचं दार लावून आम्ही बघत राहिलो. बाल्कनी पांढरीशुभ्र झाली होती. पाठोपाठ धो धो पाऊस. पाणी चढू लागलं, बर्फ तरंगू लागला, आणि दाराच्या फटीतून पाण्याची एक बारीक धार हॉलमध्ये पाहुणी आली. तिच्यामागून सगळं वऱ्हाड. सुजातानं टॉवेल टाकले, मग चादरी, मग माझा ऑफिसचा कोट. (तो चुकून टाकला, असं ती आजही म्हणते.)

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खालून पास्कल!

"अरे इंजिनिअर, माझ्या हॉलात पाऊस पडतोय!"

"पास्कलभाऊ, बाहेर सगळीकडेच पडतोय."

"बाहेरचा वेगळा! हा आतला आहे, थेट पंख्यातून! काय, वर तलाव बांधलास काय?"

आणि मला भोक आठवलं. डोक्यावर पातेलं घालून मी बाहेर गेलो, गुडघ्यावर बसलो, बर्फाळ पाण्यात हात घालून चटई ओढली, पट्टी फाडली आणि चिंध्या उपटल्या. घळघळ आवाज करत भोवरा फिरला आणि सगळं पाणी आत खेचलं जाऊ लागलं. मी आनंदानं दोन्ही हात वर केले. "खलास! मिटलं!"

काचेआडून सुजाता काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, कौतुक करतेय.

"पाट! पाटावरचा बाळकृष्ण!"

पाट पालथा तरंगत होता. मी बर्फ उपसला. हातानं, मग झाऱ्यानं, मग चाळणीनं. अक्षता सापडल्या, सुपारी सापडली, माझा फोन सापडला (गुरुजी एव्हाना थांबले होते). बाळकृष्ण नव्हता. आणि ज्या भोकाची जाळी मी स्वतःच्या हातानं काढली होती, ते माझ्याकडे आ वासून बघत होतं.

मी ओलाचिंब आत आलो. आई तुळशीजवळ जमिनीवर बसली होती. तुळशीची अर्धी पानं गेली होती. आई एकेक काडी सरळ करत होती.

"आई, बाळकृष्ण..."

"पाहिलं मी." ती हळूच म्हणाली, "असू दे. ह्यांच्यामागं तोही गेला."

तिनं मला एक शिवी दिली असती तर मी तिचे पाय धरले असते. पण ती नुसतीच काड्या सरळ करत राहिली. मी झारा हातात घेऊन उभा होतो, आणि त्या झाऱ्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

पाऊस थांबला तशी दारावर थाप पडली. पास्कलच. अंगात गंजी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, चेहरा तापलेला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात पुढे केला. हातात हॉटेलातली असावी अशी एक चकचकीत ताटली. ताटलीत गारांचा ढीग. ढिगावर पितळी बाळकृष्ण, एक गुडघा टेकून, एका हातात लोण्याचा गोळा घेऊन, अगदी खुशीत.

"हा तुमच्या पायपातून माझ्या अंगणात आला," पास्कल म्हणाला. "गारा काढत होतो, तर हा हसतोय! बरोबर ऊसही आला थोडा. कोणाचा आहे?"

"नवरदेव आहे," मी म्हणालो.

पास्कलनं हॉल पाहिला. चादरी, कोट, बांगड्या घातलेली तुळस. वसईत वाढलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. तो ताठ झाला, डोक्यावरची पिशवी फेट्यासारखी नीट केली. "म्हणजे मी वरपक्ष! मग मला असं दारात उभं काय ठेवता? मुलीची आई कोण?"

सुजाता पुढे होऊ लागली. पण ईरानं बोट दाखवलं. "आजी, ऑफ कोर्स!"

"या मावशी," पास्कल म्हणाला, "नवरामुलगा ताब्यात घ्या. थंडीनं गारठलाय."

मागं बसायचा आईचा नियम पास्कलला माहीत नव्हता, आणि त्याला तो सांगायला कुणी गेलं नाही. ती उठली, पाण्यातून चालत दारापर्यंत आली आणि तिनं बाळकृष्ण दोन्ही हातांत घेतला. पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. मग नाक ओढून म्हणाली, "व्याहीबुवा, पायात चपला तरी घालून यायचं. वरपक्ष असा अनवाणी येतो होय?"

सुजातानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं, कारण डोळे भरले होते.

लग्न हॉलमध्येच लागलं. मंगलाष्टकं आईनं स्वतः म्हटली, फोनमधल्या गुरुजींपेक्षा खड्या आवाजात. अंतरपाटाचं एक टोक पास्कलनं धरलं, आणि "खाली धरलाय, नवरी दिसतीय," म्हणून आईनं त्याला दोनदा झापलं. अक्षता ओल्या होत्या, त्या ज्याच्या अंगावर पडल्या त्याला चिकटून राहिल्या.

फराळ झाल्यावर पास्कलनं खाकरून विषय काढला. "आता मानपान. वरपक्षाला काही नको. फक्त छत."

छत खरंच भिजलं होतं. पंख्याभोवती मोठा पिवळा डाग. मी म्हटलं, रंगारी बोलावतो. आई म्हणाली, "रंगारी कशाला? भोक कुणी बुजवलं होतं?"

म्हणून पुढचा अख्खा रविवार मी पास्कलच्या हॉलमध्ये शिडीवर होतो. खाली सोफ्यावर विहीणबाई म्हणून माझी आई, हातात पास्कलच्या बायकोनं केलेला चहा. (तो तिला पुचाट वाटला, आणि तसं तिनं सांगितलं.) "तो कोपरा राहिला," आई म्हणायची. "तिकडं जाड झाला." "ब्रश असा धरतात होय?" पास्कल तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. बाबा असते तर हळूच मला डोळा मारला असता.

लोक सांगतात, मुलीच्या बापाला व्याह्यांच्या दारात मान खाली घालून उभं राहावं लागतं. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर करून उभा राहिलो, आणि सोमवारी कारखान्यात तशाच मानेनं गेलो. दिवसभर मला एकाही मालात चूक सापडली नाही, पण कारखान्याच्या छताला चार ठिकाणी रंग निघालाय, हे मी साहेबांना लेखी कळवलं.