भाच्याचा मुक्काम

रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत खोगिरं शिवणाऱ्या मावशीचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. चामडंसुद्धा ती वाकवून, वास घेऊनच विकत घ्यायची. त्यामुळे परराज्यातला भाचा ट्रंक आणि एक घोडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिच्या कपाळावर आठ्याच पडल्या. तिचे यजमान गेले तेव्हाही हा फिरकला नव्हता.

"मावशी, आता मी इथंच राहणार," तो म्हणाला.

शर्यतीच्या घोड्यांसाठी सरकारनं अनुदान जाहीर केलं होतं, पण ते राज्यात राहणाऱ्या मालकांनाच. मावशीनं ते ऐकलं होतं. तिनं वरची खोली दिली आणि डोळ्यांत तेल घालून पाहू लागली. संध्याकाळी भाचा जेवून बाहेर पडे, तो सकाळी चहालाच उगवे. चादरीला सुरकुती नाही, टॉवेल कोरडा ठणठणीत. नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. आपला फक्त पत्ता वापरतोय लबाड!

एका सकाळी अनुदान खात्याची तपासनीस बाई आली. "तुमचा भाचा इथं राहतो?"

"ट्रंक राहते," मावशी म्हणाली. "तो कुठं राहतो ते मलाही बघायचंय. चला."

घोडी ठेवली होती त्या रेसकोर्सच्या तबेल्यात भाचा गवताच्या पेंढ्यांवर घोरत होता. शेजारी घोडी, पायाला पट्ट्या बांधलेली. तो धडपडत उठला. "नवी जागा आहे ना, एकटी ठेवली की भिंतीला लाथा मारते. पाय सुजवून घेतलाय."

"मग मला का नाही सांगितलंस?" मावशी कडाडली.

"तू म्हणाली असतीस, मावशीपेक्षा घोडी जवळची."

म्हणाली असतीच.

तपासनीस बाईंनी मान हलवली. "तबेला म्हणजे घर नव्हे. अर्ज थांबवते. महिन्याभरानं परत येईन, तेव्हा घरात दिसले पाहिजेत."

भाच्याचा चेहरा पडला. दुपारी मावशीनं घरामागच्या शेडमधलं चामडं स्वतः उपसलं आणि घोडीला तिथं आणायला लावलं. शेडला लागूनच्या घरातल्या खोलीत भाच्यासाठी खाट टाकली.

"अनुदान मिळाल्यावर राहशील की पळशील?" तिनं विचारलं.

"घोडीला विचारून सांगतो."

मावशीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. घोडीच्या पायावरून हात फिरवून सूज खरी आहे ना, तेवढं मात्र तिनं पाहून घेतलं.