बहात्तर तास आणि माझी पिशवी

आता हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. ही फजिती मी कुणालाच सांगणार नव्हते. पण आमचे मालक ती गावभर सांगून राहिले, तेही तिखटमीठ लावून. त्यापेक्षा मीच सांगते, निदान खरी तरी सांगेन!

मालकांचं मागच्या वर्षी हिंगोलीत पोटाचं ऑपरेशन झालं. औंदा पुन्हा दुखणं सुरू. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "आधी काय कापलं, काय शिवलं, त्याचे कागद आणा. शुक्रवारी बघतो. कागदाशिवाय हात लावणार नाही." अन् कागद सगळे हिंगोलीच्या दवाखान्यात!

मी शाळेची पायरी चढले न्हाई. लेकरांच्या पुस्तकांवर वाचायला शिकले. पण छापलेलं काही दिसलं की सोडत न्हाई. पेपरात वाचलं होतं, पेशंटनं कागद मागितले की दवाखान्यानं बहात्तर तासांत द्यायचे.

बहात्तरच काहून? सत्तर काहून न्हाई? अन् डॉक्टर झोपतो ते तास धरायचे का सोडायचे? पोस्टमनला विचारलं, सरपंचबाईला विचारलं. एसटीत शेजारी बसलेल्या मास्तरला विचारलं, तर त्यानं खिडकीकडं तोंड करून डोळेच मिटले. मग मीच ठरवलं. माणूस झोपतो, घड्याळ झोपत न्हाई. सगळे तास धरायचे!

सोमवारी दवाखाना गाठला. काउंटरवरच्या मॅडमपुढं दोन अर्ज ठेवले, माझ्या हातानं लिहिलेले.

"एकावर शिक्का मारा, ती पोच माझी. दुसरा तुमचा."

"राहू द्या ना आजी, देतो की कागद."

"शिक्का मारा. अन् वेळ लिहा, अकरा वाजून दहा मिनिटं."

"वेळ कुणी लिहीत न्हाई हो!"

"मग आजपासून लिहा. दोन्हीवर!"

लिहिली बिचारीनं. एकावर अकरा-दहा अन् दुसऱ्यावर अकरा-वीस केलं असेल तर? मी दोन्ही कागद उचलले, चष्मा लावून बराबर जुळवले. जुळले! मग काय, ऐटीत बाहेर पडले.

तीन दिवस भिंतीवर कोळशानं तास मांडत बसले. मालक पोट धरून म्हणाले, "अगं, एक फोन तरी कर."

"फोन केला तर म्हणतील, म्हातारी घाबरली. कळ काढा."

"कळ तर मीच काढून राहिलो ना!"

गुरुवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी थेट डॉक्टरांच्या टेबलापुढं उभी. "बहात्तर तास संपले! कागद कुठंयत? उद्या नांदेडची तारीख हाये. माझ्या माणसाला काही झालं तर कोण जबाबदार? अन् झोपेचे तास धरले न्हाईत असं सांगू नका, ते धरायचेच असतात!"

डॉक्टरांनी मॅडमला बोलावलं. मॅडम म्हणाली, "सर, ह्या आजींचा अर्ज मी सोमवारपासून शोधून राहिले. फोन केला असता, पण नाव, नंबर सगळं अर्जावरच होतं!"

"शोधून राहिली? खोटं बोलती व्हय!" मी पिशवीतून घडी काढली अन् टेबलावर आपटली. "ही बघा पोच!"

डॉक्टरांनी घडी उलगडली. एका कागदाचे दोन कागद झाले. दोन्हीवर शिक्का. दोन्हीवर अकरा-दहा.



डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. "आजी, अकरा-सोळा झाले. आता इथून बहात्तर तास धरू?"

"नियमाचं काय एवढं घेऊन बसलात, साहेब," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण कुठल्या तरी गरीब बाईचा वाटला.

दहा मिनिटांत फाइल हातात आली. ऑपरेशनचा कागद, रिपोर्ट, सगळं. मॅडमनं एक चिठ्ठी पुढं केली, "कागद मिळाले म्हणून सही करा." मी ठसठशीत सही केली, चिठ्ठीची छान घडी घातली, पिशवीत टाकली अन् निघाले.

"आजी!" मॅडमनं माझी पिशवी धरली. "ही एक तरी आमच्याकडं राहू द्या!"