माझी गोळी आणि बाईंची गोळी

“एंडोस्कोपीत दिसलं. जठरात अल्सर आहे, म्हणजे जखम, आणि तिच्यातून रक्त जातंय,” धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. तेव्हा माझी थोरली जाऊ माझ्या पायांवरची चादर सारखी करत होती. तिचा हात तिथंच थांबला.

त्याआधी काय झालं ते सांगते, म्हणजे तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर लवकर ओळखता येईल. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होत होतं. मला वाटलं, काहीतरी खाण्यात आलं असेल. दंडावर निळे डाग उठायचे, आणि कुठं आपटलं ते आठवायचं नाही. मग एक दिवस अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढता वाढता डोळ्यांपुढं अंधारी आली. आमच्या ईट गावाहून गाडी करून मला इथं आणलं ते बाईंनीच. जावेला मी बाई म्हणते.

कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

आई वारल्यावर मला डिप्रेशन आलं होतं. नुसतं दुःख नव्हे. सकाळी उठून वेणी घालायचीसुद्धा उमेद उरत नाही, असा तो आजार. तेव्हापासून मी मानसोपचार डॉक्टरांनी दिलेली एस्सिटॅलोप्रॅम घेते. तिनं मी माणसात आले. पण घराबाहेर आम्ही ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

शेवटी बाईंनीच सगळं सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “आन् हिची कंबर दुखती म्हणून माझ्या गुडघ्याच्या गोळ्या मीच देत होते. रोज.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं की रक्त गोठवणाऱ्या ज्या बारीक पेशी असतात, प्लेटलेट, त्यांना सेरोटोनिन नावाचं द्रव्य लागतं. माझ्या गोळीनं ते प्लेटलेटमध्ये कमी होतं. एकट्या त्या गोळीनं बहुतेकांना काही होत नाही. दुखण्याच्या गोळीनं मात्र जठराचं अस्तर दुखावतं, आणि दोन्ही एकत्र आल्या की रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मला रक्त चढवलं. बाटलीकडं बघत नवरा म्हणाला, ती मनाची गोळीच आता बंद करून टाकू.

बाई एरवी दिरापुढं फार बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. “भावजी, ही भिंतीकडं तोंड करून पडायची, तवा घास भरवायला म्या होते. तसली तिला परत बघायची न्हाय मला. आधी डॉक्टरला इचारा.”

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मनाची गोळी आपल्या मनानं एकदम सोडायची नाही. त्यांनी माझ्या मानसोपचार डॉक्टरांना फोन केला, माझी गोळी चालू ठेवली, दुखण्याची बंद केली आणि जठरातलं आम्ल कमी करणारं औषध दिलं. हळूहळू शौचाचा रंग पालटला. मला भूक लागायला लागली.

बाईंचं जेवण मात्र तुटलं होतं. बाहेर बाकावर बसून राहायच्या. मी हाताला धरून त्यांना आत आणलं, शेजारी बसवलं. म्हटलं, माझं दुखणं तुम्हाला बघवत नव्हतं म्हणून गोळ्या दिल्यात ना? मग आता माझ्यासंगं दोन घास खा. त्या रडल्या, आणि डाळभात खाल्ला.

तुम्हीही अशी गोळी घेत असाल तर भिऊ नका, लपवूही नका. दुकानातून साधी दुखण्याची गोळी आणण्याआधीही डॉक्टरांना विचारा. शौचाला काळं झालं तर वाट बघत बसू नका.

घरी परतताना गाडीत बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्या लेकीला सासरी जाऊन वर्ष होत आलं होतं. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, “त्या मनाच्या डॉक्टरला मला बी दाखवायचं का गं? मला लई दिवस झालं, काहीच गोड लागंना.”

मी त्यांचा हात मांडीवर घेतला. म्हटलं, “व्हय बाई. मी येते तुमच्यासंगं.”