कानात सांगितलेलं नाव

'अमानवीय' म्हटलं की मला हसू येतं, हे आधीच सांगून टाकतो. वाशीमला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. करंट एकतर असतो नाहीतर नसतो, मधलं काही मी मानत नाही. तरीही हे लिहितोय... कारण घडलं तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

आमचं घर कारंजा तालुक्यात, कामरगावला. माझी धाकटी बहीण वंदना पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच दवाखान्यातच दगावली. आमच्याकडे अशा बाळाला नाव ठेवत नाहीत, मागे विषयही काढत नाहीत. आईने सगळ्यांना बजावलं, "तिच्यापुढं लेकराची गोष्ट काढू नका." आम्हाला वाटलं, त्याने ती लवकर सावरेल. झालं उलटंच. वंदनाने बोलणं सोडलं, जेवण सोडलं. रडलीसुद्धा नाही. एका दुपारी ती विहिरीच्या काठावर वाकून उभी दिसली, तेव्हापासून कुणीतरी सतत तिच्या मागे असायचं. मी दुकान बंद ठेवून गावीच राहिलो. खरं सांगतो, फार घाबरलो होतो.

एका रविवारी सकाळी ती अचानक उठून चालायला लागली, अनवाणीच. मी मागे धावलो.

"वंदे, कुठं चालली?"

ती चालतच राहिली. वाट विहिरीचीच होती... पण अलीकडच्या गल्लीत वळून ती रूथमावशींच्या दारात थांबली. मावशी ब्लाउज शिवतात, ख्रिस्ती आहेत, दर रविवारी चारदोन बायका त्यांच्याकडे प्रार्थनेला जमतात. ढोलकीवर गाणं चालू होतं. वंदना सरळ आत जाऊन चटईवर बसली. शेजारी मी — अवघडून.

गाणं संपलं. मावशींनी पदर सावरला आणि वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला. आता अंगात येण्याचं नाटक सुरू होणार, म्हणून तिला उठवायला मी तिचा दंड धरलाच होता. तेवढ्यात मावशींचा शांत आवाज आला, "प्रभू, अरुणावती तुयापाशी सुखात हाये. तिच्या मायले आता तू सांभाळ."

वंदनाने झटकन मान वर करून मावशींकडे पाहिलं. मग ती जी रडली... मावशींनी तिला कुशीत घेतलं. "रड माय, रड. तो आयकून राह्यला."

परतताना मी विचारलं, "अरुणावती कोन?"

"मायी पोरगी," ती म्हणाली. "दवाखान्यात तिच्या कानात सांगतलं होतं, दादा. अजून कोनालेच नाई."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान बारशाला आत्याचा असतो. हिने ते एकटीनेच उरकलं होतं.

तिला आईजवळ सोडून मी तसाच मावशींकडे गेलो. "तुमाले नाव कोनं सांगतलं?"

त्या गोंधळल्या. "कायचं नाव? मी तं 'हे लेकरू' म्हनलं फक्त."

ढोलकी वाजवणाऱ्या बाईंना विचारलं, बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांनी 'लेकरू'च ऐकलं होतं. नाव फक्त आम्हा दोघा भावंडांना ऐकू आलं. वंदनाला तिच्या मनातलं ऐकू आलं, असं एकवेळ मानू. पण मला? मला तर ते ठाऊकच नव्हतं.

उत्तर आजही नाही. वंदना ते शोधतही नाही. "ती येशूपाशी हाये, नावानं हाये," एवढं तिला पुरतं. आता ती जेवते, माझ्याशी भांडते, रविवारी मावशींकडे गाते. माझा विश्वास बसलाय का, ते मला नीट सांगता येणार नाही. पण परवा तिच्या खोलीचं दार बराच वेळ आतून बंद होतं... आणि मी बाहेर बसून निवांत चहा प्यायलो. दार वाजवलं नाही.