तिसरं पिस्तूल

उस्मानपुऱ्यातले पिस्तूल मास्तर फटाक्यांना घाबरायचे. दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब लागला की हा माणूस कानात कापूस कोंबून स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. आणि याच माणसाच्या बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात युद्धातली तीन पिस्तुलं! मी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, त्यामुळे चिडवायचा हक्क माझाच. आमची मांजर तुमच्यापेक्षा शूर आहे असं म्हटलं, की मास्तर शांतपणे म्हणायचे, "असेल बाई. मी पिस्तुलं सांभाळतो, आवाज नाही."

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आयुष्यात एक गोळी झाडली नाही. कुणी परवाना असलेला गृहस्थ चकचकीत पिस्तूल विकायला आला, की त्यांचा पहिला सवाल असायचा, हे कुणाच्या कमरेला होतं? उत्तर आलं नाही तर चहा पाजून वाटेला लावायचे. "ज्याचा माणूस ठाऊक नाही, ते नुसतं लोखंड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पहिलं पिस्तूल त्यांच्या वडिलांचं. वडील वैजापूरकडच्या मेंढपाळ घरातले, मेंढरं सोडून फौजेत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात पार इटलीत लढले. तिथं जखमी साहेबाला पाठीवर घालून आणलं, त्या साहेबानं देश सोडताना रीतसर कागद करून ते दिलेलं. दुसरं लष्करातल्या एका डॉक्टरांचं, त्यांना ना मूल ना बाळ. तिसरं पडेगावच्या एका सुभेदारांचं. एकाहत्तरच्या लढाईनंतर निवृत्त होताना त्यांनी ते विकत घेतलं होतं. ते वारल्यावर घरात परवाना घेणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्या बायकोनं ते मास्तरांना दिलं.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मास्तरांना स्कूटी येत नव्हती, म्हणून ती वरात माझ्या गाडीवरून निघायची. पिस्तुलं भाजीच्या पिशवीत, पिशवी मास्तरांच्या मांडीवर. प्रत्येक पिस्तुलाची गोष्ट हवालदाराला ऐकवल्याशिवाय हे महाशय पावती घ्यायचे नाहीत. मागं रांग वाढायची, लोक घड्याळं बघायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पडेगावच्या आजी मात्र त्या गोष्टींसाठीच यायच्या. दर वर्षी नवऱ्याच्या तिथीला, फडक्यात दशम्या बांधून. मास्तर पिस्तूल काढून समोर ठेवायचे आणि सुभेदारांच्या जुन्या सोबत्यांना पत्रं पाठवून पाठवून गोळा केलेलं सगळं सांगायचे. सुभेदार घरी कधी लढाईचं बोललेच नव्हते. आजींना आपला नवरा अर्धा इथंच कळला.

मग कायदा बदलला. एका परवान्यावर तीन नाही, दोनच शस्त्रं ठेवायची. एक जमा करायचं, ते परत मिळणार नाही. मास्तरांचं जेवणच तुटलं. पुण्याहून मुलाचा फोन आला, की त्या परक्या बाईंचं देऊन टाका, आजोबांच्या वस्तूला हात लावू नका. खरं सांगते, मीही तेच म्हटलं. मास्तर आठ दिवस कपाट उघडत आणि लावत राहिले. नवव्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभे. आत वडिलांचं पिस्तूल होतं.

"बापाची गोष्ट सांगायला मी आहे, पोरगा आहे," ते म्हणाले. "त्या दोघांचं मागं कोण आहे?"

त्या दिवशी ठाण्यात मास्तर एक अक्षर बोलले नाहीत. सही केली आणि गाडीवर येऊन बसले. घरी येईपर्यंत त्यांची मोकळी पिशवी माझ्या पाठीला लागत होती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

पुढच्या तिथीला आजी आल्या. कपाटात दोनच पिस्तुलं बघून त्यांनी विचारलं. मास्तर टाळाटाळ करायला लागले, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मी सगळं सांगून टाकलं. आजींनी कपाळाला हात लावला.

"येडे का काय मास्तर तुमी? म्या काय त्या लोखंडासाठी येत व्हते? आमच्या ह्यांचं नाव काढणारं दुसरं घर नाय राह्यलं मला, म्हणून येते."

मास्तरांचा चेहरा उतरला. बापाची निशाणी गेली, आणि तीही फुकट! मला तर जीभ चावून घ्यावीशी वाटली. आजींनी दशमीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला.

"लई वर्सं म्या माह्याच माणसाचं ऐकत बसले. आज तुमच्या बापाचं सांगा."

मास्तरांनी सांगितलं. समोर पिस्तूल नव्हतं, तरी साहेबाला पाठीवर घेतल्यापासून सगळं सांगितलं, आणि मधेच लहान पोरासारखे रडले. ठाण्यात न आलेलं रडू तिथं आलं.

मास्तर जाऊन दोन वर्षं झाली. उरलेली दोन पिस्तुलंही जमा झाली. मला त्यांची फार आठवण येते. त्यांच्या तिथीला मी स्कूटी काढून पडेगावला जाते. आजींना आता दिसत नाही. माझ्या आवाजावरून ओळखतात, ताट वाढायला सांगतात आणि म्हणतात, "हं, बस. सांग आता मास्तरांचं."