बाळारामचा हात

बाळाराम गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुरबाडला पटाशीला धार लावत होतो. किन्हवलीमार्गे एसटी धरून शहापूरला पोचलो, तर त्याला नेऊनही झालं होतं. आता दीड महिना झाला. मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार, लिहिणं माझं काम नाही. पण एक काम माझ्या हातून बिघडलंय, ते दुसऱ्यानं दुरुस्त केलेलं मला चालणार नाही.

भातसानगरला धरणावरची नोकरी सुटल्यावर, नव्वदीनंतर केव्हातरी, बाळारामनं शहापुरात पत्र्याच्या शेडमध्ये पूलचं, म्हणजे काठीनं बॉल भोकात घालायच्या खेळाचं, एक टेबल टाकलं. विकतच्या काठ्या पावसाळ्यात वाकायच्या, म्हणून तो माझ्याकडे आला. मी धामणीचं लाकूड निवडलं; जंगलातली माणसं धनुष्याला वापरतात ते. पहिल्या काठीचं टोक चिरलं. माझी काठी चिरते म्हणजे काय! दुसरीच्या टोकाला मी दोन बोटं लांब पितळी शेंबी, म्हणजे नळीसारखं कडं, ठोकली, पटाशीच्या मुठीला ठोकतात तशी, आणि तिच्यावर चामड्याची टिकली चिकटवली. बाळाराम चार डाव खेळला आणि डोकं खाजवत म्हणाला, "मिस्त्री, मधोमध मारला तर पांढरा बॉल सरळ जातो. फिरकीसाठी डाव्या कडेला मारला का उजवीकडं पळतो. टोक जड झालंय."

"हे कुठल्या शाळेत शिकलास?"

"एसटीत. पैलवानाला घासून जावा, तुमीच बाजूला पडता. बारक्याला घासा, तो सरकतो. टोक हलकं असलं का तेच सरकंल, बॉल आपल्या वाटेनं जाईल. शेंबी काढा."

"शेंबी निघणार नाय. तू हात सरळ कर."

पुढं मुरबाडला स्पर्धा झाली. शेवटचा डाव तिथल्या गणपतशी. बाळारामकडे एव्हाना विकतची चांगली काठी होती, पण मी समोर खुर्ची टाकून बसलेला, म्हणून त्यानं माझीच घेतली. एक काळा बॉल उरला होता. त्यानं कडेनं मारला... पांढरा बॉल काळ्याला न शिवता निघून गेला. आणि मी सगळ्यांदेखत ओरडलो, "अरे, हात वाकडा झालाय तुझा!" लोक हसले. त्यानं काठी पुसली, कापडात गुंडाळली आणि म्हणाला, "असंल, मिस्त्री." तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत तो वाकड्या हाताचा बाळाराम झाला. तरी मला एसटीत बसवून द्यायला यायचा, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहून वाद घालायचा.

काही महिन्यांनी तो भजी आणायला गेला असताना मी टेबलावर खडूची रेघ ओढली. दोन्ही काठ्यांनी कडेनं मारून पाहिलं. त्याच्या विकतच्या काठीनं बॉल रेघेपासून बोटभर सरकला. माझ्या काठीनं चांगला चार बोटं. दहा वेळा मारलं, दहाही वेळा तेच... तो भजी घेऊन आला तोवर मी रेघ पुसून टाकली. पुढची काठी मात्र टोकाला बारीक केली, पितळेऐवजी म्हशीच्या शिंगाची पातळ कडी बसवली. "पितळ मिळालं नाय," म्हटलं. त्यानं कडेनं एक फटका मारून पाहिला, बॉल कुठं गेला ते पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "बरं झालं नाय मिळालं," म्हणाला. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्याला कळलं होतं, मला कळलं होतं. लोकांना सांगायचं तेवढं राहिलं, आणि मी ते बरीच वर्षं राहू दिलं.

दहाव्याला गणपतही आला होता. जेवताना म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. हात तेवढा वाकडा." ताट सरकवून मी उठलो. मी वहिनींना शेड उघडायला सांगितलं. शेंबीची काठी कापडात गुंडाळून वर आढ्याला बांधलेली होती. वहिनी म्हणाल्या, "ही कोणाला खेळायला देऊ नको, मिस्त्रींचं नाव जाईल, असं बजावून ठेवलेलं त्यांनी."

मी काठी सोडवली आणि गणपतच्या हातात दिली. "कडेनं मार."

तीनदा मारलं त्यानं. तिन्ही वेळा चुकला. काठी फिरवून त्यानं टोक पाहिलं, हातात तोललं. "मिस्त्री, ह्या काठीत खोट हाय."

बाळाराम सोडला, तर माझ्या कामाला असं तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं.

"हाय," मी म्हटलं. "मुरबाडला त्याच्या हातात हीच होती."